जाळी अलीकडे घाला

— नाही हो, भांडायला नाही बोलावलं तुम्हाला. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आखूड आहे, इथे बाकावर बसा, सावली आहे. आणि चहा घ्या, गार होतोय. मी केलाय. — मी केलाय एवढंच सांगतोय, त्याचं कौतुक करा असं नाही. हं. तर काल तुम्ही कुंपणाच्या तारेपाशी गवंड्याला घेऊन उभे होतात. तो भिंतीच्या पायाची रेघ मारायला बघत होता, माझ्या फांद्या त्याच्या डोक्यात येत होत्या, आणि तुम्ही त्याला हळूच म्हणालात, जपून, म्हातारा ऐकेल. ऐकलं म्हाताऱ्याने. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. घर विकताना त्या दातांच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असणारच — सांगितलं ना? — की शेजारी निवृत्त मोजणीवाला आहे, बोटभर जागेसाठी जीव खाईल. खरं आहे ते. त्यांचा खाल्लाय मी. ही तार आता सरळ दिसते ना? ती मधे पोट सुटल्यासारखी माझ्याकडे आली होती. मी मोजणीची साखळी काढली, नकाशा काढला, डॉक्टरांना उन्हात उभं केलं आणि तार मागे घ्यायला लावली. वीतभर. त्या वीतभर जागेत मी काय केलं? काहीच नाही. गवत उगवलं. पण माझी होती ना ती, मग झालं तर.

— नाही, तसं काही नाही, तुम्ही घाबरू नका. भिंत घाला, खुशाल घाला. भिंतीबद्दलच बोलायचंय. पण जरा सावकाश बोलू द्या, मला हल्ली घाईने बोलता येत नाही, कारण दिवसभर एकच वाक्य तेच तेच बोलायची सवय लागलीये. ते पुढे सांगतो. — अहो, ते पान नका चुरगाळू. माणसाचा हात रिकामा असला की काहीतरी तोडत बसतो, मला ठाऊक आहे, पण ती कण्हेर आहे. चीक लागला बोटाला? मग आधी तो नळ बघा तिथे, त्याखाली हात धुवा. साबण वाटीत आहे. धुवा धुवा, मी थांबतो. चहा झाकून ठेवतो.

आलात? बसा. या घरात हा नियमच आहे, झाडाला हात लावला की हात धुवायचे. माझा नाही, बायकोचा. ती शाळेत शिकवायची, जीवशास्त्र. सगळे तिला बाई म्हणायचे, मीसुद्धा बाईच म्हणायला लागलो, लग्नानंतरही सुटलं नाही. आणि ही तिची बाग. लोक गुलाब लावतात, मोगरा लावतात, हिने काय लावलं बघा — ती गुलाबी कण्हेर, ती पिवळी, हा लोंबत्या फुलांचा धोतरा, संध्याकाळी असा वास सुटतो त्याला की माणूस उठून जवळ जातो. तो लाल पानांचा एरंड. आणि त्या कोपऱ्यात कळलावी, सध्या फुलावर आहे, पाकळ्या बघा कशा वर उलटल्यात, निखारे फुलल्यासारख्या. सगळी सुंदर आणि सगळी विषारी. एकाचं बी वाईट, एकाचं पान वाईट, एकाचा कंद वाईट. तिचं म्हणणं असं की मुलांना साप ओळखायला शिकवतात, मग हे का नको? वर्गच्या वर्ग इथे यायचे. रांगेत उभे राहायचे, हात मागे बांधलेले, आणि ती विचारायची, काय करायचं नाही? आणि सगळी एका सुरात, हात लावायचा नाही, तोंडात घालायचं नाही, जाळायचं नाही. कण्हेर जाळली तर धूरसुद्धा त्रास देतो, माहीत होतं तुम्हाला? मलाही नव्हतं. आणि तोडलेली फांदी कोमेजली की जास्त वाईट, कारण तिचा कडूपणा जातो आणि गुरं खातात. ही गुलाबी पहिल्यापासून तारेलगतच होती, डॉक्टर तिच्या त्यांच्या बाजूला आलेल्या फांद्या कापायचे आणि माझ्या बाजूला फेकायचे, आणि मी चिडायचो की कचरा माझ्याकडे का. ही म्हणायची, बरंय की, नजरेसमोर राहतं, गोळा करून पुरून टाकूया. तिने कधी भांडण म्हणून घेतलंच नाही ते. भांडण माझं होतं.

कंटाळा आलाय हो मला भांडणांचा. तुम्हाला पटणार नाही, पण आलाय. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं मोजली. मोजणीला बोलावतं कोण? ज्यांचं पटतं ते बोलावत नाहीत. सख्खे भाऊ एका दगडाच्या दोन बाजूंना उभे आणि दोघेही माझ्याशी बोलतात, त्याला सांगा पलीकडे हो. तो तिथेच हातभर अंतरावर, पण सांगायचं मी. आणि चोरी कशी व्हायची सांगू? कुणी रात्रीत दगड उपटून नेत नाही. बांध कोरतात. दर नांगरटीला थोडा, इतका थोडा की शेजाऱ्याच्या डोळ्याला रोज तोच बांध दिसतो. काही वर्षांनी बघावं तर बांध तिथेच आहे असं सगळे सांगतात आणि बांध तिथे नसतो. माझी नजर त्याच्यावरच घडली. मी शेतात पाय ठेवला की सांगायचो, इथे कोरलंय. माणसं खाली बघायची. — का सांगतोय ते कळेल, चहा घ्या तुम्ही.

आमची ओळखही मोजणीतच झाली. शाळेच्या कुंपणाचा वाद होता, बाजूच्या लाकडाच्या वखारवाल्याशी. मी खुंट्या ठोकत ठोकत चाललो होतो तर रेषेवर बरोबर हीच उभी, मागे कण्हेरीचं झुडूप. म्हणाली, हे झाड वाचेल अशी रेषा काढा. मी म्हटलं, बाई, रेषा मी काढत नाही, ती असते, मी नुसती शोधतो. फार आवडलं होतं मला माझंच वाक्य. ती म्हणाली, मग शोधा, आणि हात धुवून जा, तुम्ही मघापासून फांदी धरून उभे आहात. झाड वखारवाल्याच्या हद्दीत निघालं. तोडलं त्याने. तिने आधी एक फांदी मागून घेतली — मागून, हं, उपटून नाही, त्याच्याकडे जाऊन, तुमच्या झाडाची एक फांदी मिळेल का असं विचारून — आणि ती इथे लावली. ही जी गुलाबी आहे ना, जिचं पान तुम्ही चुरगाळलंत, ती तीच.

— कुठे? आत आहे. झोपली असेल किंवा झोपली नसेल. दुपारचं सांगता येत नाही. तुम्ही आल्यापासून मी दाराकडे बघतोय ते त्यासाठीच. बघा, ती बाहेर आली आणि तिने तुम्हाला पेल्यात काही आणून दिलं, तर हातात घ्या, वा म्हणा, आणि पिऊ नका. मला द्या. तिला अगत्य फार. पाण्यात साखर घालते, चार पानं घालते, पाहुण्याला देते. पानं कुठली? हाच प्रश्न आहे. पूर्वी मीच आधी चाखून बघायचो. मुलाला फोनवर सांगितलं तर तो ओरडलाच, म्हणे बाबा, तुम्ही गेलात तर तिला कोण बघणार? ते पटलं मला. आता बेसिनमध्ये ओततो.

विसरते ती. — हो, डॉक्टरांना दाखवलं, दातांच्या नव्हे, खऱ्या. औषध आहे, औषधाने काय होतं तर आपण औषध देतोय असं आपल्याला वाटतं. सुरुवात गमतीत झाली. चष्मा पिठाच्या डब्यात, किल्ली साबणाच्या वाटीत. हसायचो दोघं. मग एक दिवस मी स्वयंपाकघरात गेलो तर पातेलं चढवलेलं, विळीपाशी साली, आणि ही म्हणते, रताळी उकडतेय, तुम्हाला आवडतात ना. आवडतात. पण आमच्याकडे रताळी आणली नव्हती कुणी. परातीत एक कंद राहिला होता न चिरलेला, कोयत्यासारखा वाकलेला, आणि त्याला अजून माती. कळलावीचा. खणून आणला होता तिने. दिसतो तसाच हो, रताळ्यासारखा, तीच तर वर्गाला दाखवायची, हातात दोन्ही धरून, सांगा यातलं कुठलं खाल? मी पातेलं उचललं आणि मागे जाऊन ओतलं, त्यावर माती ओढली. ती दारात उभी राहून म्हणाली, अन्नाची अशी नासाडी करतात का? रागावली होती. नीट मास्तरणीसारखी रागावली होती. आणि मी काय सांगणार तिला? त्या झाडाबद्दल मला जे काही कळतं ते तिनेच शिकवलेलं.

तुम्ही म्हणाल, उपटून टाका सगळं. मुलगाही तेच म्हणतो. परगावी आहे तो, चांगला आहे, दर दोन दिवसांनी फोन करतो, आणि दर फोनला म्हणतो, बाबा, एका दुपारी गडी लावा, बाग साफ करा. नाहीतर आईला कुठेतरी ठेवू, चांगल्या जागा असतात आता. कुठेतरी म्हणजे कुठे ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. मी करून पाहिलं ते. गुंजेचा वेल होता इथे, या खांबावर, लाल-काळ्या बिया, दिसायला मोती. पहिला तोच काढला, ती आत असताना. सकाळी उठली आणि बाहेर आली — ती उठल्यावर पहिलं काम तेच करते, एकेका झाडासमोर उभी राहते, नाव घेते, पुढे जाते. हजेरीच म्हणा. माझं नाव नाही येत तिला, या झाडांची येतात, लॅटिन नावांसकट. तर ती खांबापाशी आली, नाव घेतलं, आणि वेल नव्हता. मग शोधायला लागली. खांबामागे बघितलं, खाटेखाली बघितलं, कपाट उघडलं. दुपारी माझा डोळा लागला तेवढ्यात फाटक उघडून रस्त्यावर. सापडली तेव्हा मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभी होती, दोन्ही बाजूंनी गाड्या भोंगे वाजवतायत, आणि ती एका ट्रकवाल्याला विचारतेय, माझं एक मूल राहिलंय मागे, वर्गातलं, पाहिलंत का. — नाही, काही लागलं नव्हतं. ट्रकवाला भला होता, उतरून तिच्याशी बोलत होता. तेव्हापासून काढायचं नाव मी काढलं नाही. एक झाड गेलं तर रस्त्यापर्यंत गेली. सगळी गेली तर कुठपर्यंत जाईल?

मग मी काय केलं — हसाल तुम्ही. बांध कोरला. आयुष्यभर ज्यांना पकडलं त्यांची विद्या वापरली. कळलावीच्या कुंड्या स्वयंपाकघराच्या दाराशी होत्या. रोज सकाळी तिची हजेरी झाली की मी एकेक कुंडी जराशी सरकवायचो. जराशीच. तिला रोज तेच दिसायचं. धोतऱ्याची फांदी लांब लावली, ती जगली, वाढली, मग दारातला धोतरा एकेक फांदी करून कमी केला. दारातल्या कण्हेरीचं तेच. अशी हळूहळू सगळी बाग मी दारापासून काढली आणि नेली कुठे? जितकी लांब नेता येईल तितकी. म्हणजे तारेपर्यंत. म्हणून ती सगळी तुमच्या तारेवर रेलून उभी आहेत, गर्दी करून, आणि तुमच्या गवंड्याच्या डोक्यात येतात. लोकांना वाटतं म्हाताऱ्याने शेजाऱ्याच्या अंगावर मुद्दाम झाडं चढवलीत. डॉक्टरांनाही तेच वाटलं. मी सांगितलं नाही त्यांना. त्यांची नातवंडं यायची सुट्टीत, तारेखालून चेंडू काढायला हात घालायची. मी इथे काठी घेऊन बसायचो, नुसता ओरडायचो त्यांच्यावर. चांगली पोरं होती. त्यांना मी फार वाईट म्हातारा वाटलो असेन.

पण तार आली ना. तारेपुढे कुठे नेणार? जागा संपली. आणि ती आता तिथपर्यंत जाते, सावकाश जाते, पण जाते. परवा ओट्यावर एरंडाच्या बिया पाहिल्या मी, निवडत बसली होती.

तुमचं सामान उतरत होतं ना, ट्रकमधून, तेव्हा मी खिडकीतच होतो. चांगलं नाही, ठाऊक आहे मला, लोकांच्या सामानाकडे बघत बसणं. पण मी एकच बघत होतो. पाळणा उतरला नाही. लहान सायकल उतरली नाही. कुत्र्याची साखळी नाही, मांजराची टोपली नाही. कपाटं, पुस्तकं, ते मोठं शिवणयंत्र. मी स्वतःशी म्हटलं, आले. — कुणाची वाट बघत होतो म्हणजे? तुमचीच. म्हणजे तुम्ही कोण ते माहीत नव्हतं, पण ज्यांच्या घरात कुणी पानं तोंडात घालणार नाही असे कुणीतरी. मुलं मोठी झालेली ना तुमची? झाली. बघा.

तर भिंत नका घालू. ऐकून घ्या, ऐकून घ्या. भिंत घातलीत तर दिसणार नाही तिला पलीकडचं. जाळी घाला. बारीक भोकाची, बोट जाणार नाही अशी, उंच. आणि तारेवर घालू नका. अलीकडे घाला. माझ्या बाजूला, या दगडापासून त्या पाण्याच्या नळापर्यंत, झाडांच्या अलीकडून. म्हणजे झाडं तुमच्याकडे. — हो, जागा तुमची. ती पट्टी तुमची. डॉक्टरांकडून ओढून घेतलेली वीतही त्यातच आली, आणखीही बरीच आली. तुम्ही माझ्याकडे असं बघू नका, यात काही डाव नाही. कागद मी करून देतो, मोजणीही रीतसर करून घेऊ, माझ्या हाताखाली शिकलेली माणसं आहेत अजून खात्यात. आयुष्यात कुणी मला स्वतःची जागा कमी मोजा म्हणून सांगितलं नाही, मीच पहिला. बघा म्हणजे, कुठल्या थराला आलो.

— तेच. मला ठाऊक होतं तुम्ही हे विचारणार. जाळी मीच माझ्या जागेत घातली तर? घातली होती. कळलावीभोवती घातली होती, चांगली खांब पुरून. ती आली, बघितलं, मला म्हणाली, हे कुणी कोंडलं? माझी झाडं आहेत. आणि माझ्याच अवजारांतली पक्कड आणून कापली. हात रक्ताने भरले, पण कापली. तिची होती ना, मग ती का थांबेल? जसा मी त्या वीतभर जागेसाठी थांबलो नाही तशीच. पण दुसऱ्याचं असेल तर ती हात लावत नाही. हे एक राहिलंय तिच्यात. सगळं गेलं, हे राहिलं. रस्त्याने चालताना कुणाच्या कुंपणाबाहेर फूल आलेलं असतं, ती थांबते, वाकते, हात मागे बांधते आणि मला विचारते, हे कुणाचं? मी म्हटलं त्या घरातल्यांचं, की पुढे. वखारवाल्याकडे जशी विचारायला गेली होती तशीच आहे अजून. आणि दुसरं राहिलंय ते हात धुणं. काहीही धरलं की नंतर धुते. पुस्तक धरलं तरी, दाराची कडी धरली तरी. माझा हात धरते कधी कधी बसल्या बसल्या, बरा धरते, घट्ट. मग उठते आणि धुऊन येते.

— नाही, झाडं तुमची आहेत असं मी सांगून नाही चालणार. तिला मी खोटं सांगू शकत नाही असं नाही, दिवसभर खोटंच बोलतो मी, तुझा मुलगा येतोय, तुझा वर्ग सुटलाय, एकच वाक्य, तेच तेच. पण हद्दीबद्दल नाही बोलता येत. जीभ वळत नाही. एवढी वर्षं लोकांनी काय काय पुढे केलं माझ्या, मी रेषा आहे तिथेच दाखवली. आणि दुसरं म्हणजे, मी कोण? तिला मी मोजणीला आलेला माणूस वाटतो. सकाळी उठून विचारते, झाली का हो मोजणी? मी म्हणतो, चाललीये. मोजणीवाल्याचं झाड नसतं. ते ज्याचं आहे त्याने सांगायला हवं. म्हणून तुम्हाला बोलावलं. तिने जाळीशी येऊन विचारलं, हे कुणाचं, की तुम्ही पलीकडून म्हणायचं, माझं. बस. तेवढंच काम आहे. पाणी फारसं लागत नाही यांना. आत फांद्या वाढल्या तर कापा, जाळू नका, पुरा, हात धुवा. फुलं राहू द्या. तिला दिसली पाहिजेत, सकाळी हजेरी घेते ती. नावं घेऊ द्या तिला पलीकडून, हात पोचला नाही म्हणजे झालं.

लगेच नका सांगू. घरी विचारा. विषाची बाग कोण घेईल हो, फुकट दिली तरी. तुमच्या बायकोला विचारा, शिवणयंत्र त्यांचंच ना? त्यांना खिडकीतून हीच झाडं दिसणार दिवसभर. दिसायला छान आहेत, एवढं मी लिहून देतो. नाही म्हणालात तरी मी भांडणार नाही. मग मात्र मुलाला फोन करावा लागेल, आणि तो म्हणेल त्या जागेत… जाऊ दे. मला या घरात एकट्याने चहा करून प्यायची इच्छा नाही, एवढंच. बाकी काही नाही. ती मला ओळखत नाही म्हणून काय झालं, मी ओळखतो ना तिला.

थांबा. कडी वाजली. बसून राहा, उठू नका, अनोळखी माणूस उठला की ती बावरते. — ये, ये. काही नाही, पाहुणे आहेत. हो, मोजणी चाललीये. — पेला आणलाय. घ्या तुम्ही, वा म्हणा. द्या इकडे. हं. — कुठे निघालीस? अगं, ऊन आहे, चप्पल तरी — नाही, मी अडवत नाही, अडवलं की वाईट होतं. जाऊ द्या तिला. बघा, तारेपर्यंत जाते. कळलावीपाशी थांबली. नाव घेतलं, ऐकलंत? बरोबर घेतलं. आता हात पुढे जाईल. रोज जातो.

थांबली. तुमच्याकडे बघतेय. तिला काहीतरी वाटलंय, नवा माणूस बाकावर बसलाय, त्या पलीकडच्या घरातून आलेला… हात मागे बांधले तिने. बघा, हात मागे बांधले. तुम्हाला विचारतेय ती. मला नाही, तुम्हाला. कुणाचं म्हणून विचारतेय.

मी काही बोलणार नाही.

…

जरा मोठ्याने सांगा. तिला ऐकू कमी येतं.

हं.

ऐकलंस? त्यांचं आहे ते. हो, सगळी. ती कण्हेरसुद्धा. — नाही, फांदी नको मागूस आज, मग मागू कधीतरी. चल, हात धू. लावला नाहीस, ठाऊक आहे मला, तरी धू. — तुम्ही या आता. या, खरंच या, काही बोलू नका. गवंड्याला उद्या पाठवा, मी रेषा दाखवतो त्याला. फाटकाची कडी नीट लावा. — काय म्हणालीस? हो, झाली. आत्ताच झाली मोजणी. चल आत.